किट बॅगेतला आंब्याचा वास

प्रिय मावशी,

मी मंगळवार पेठेत राहते, पतसंस्थेत नोकरी करते. थोरला मुलगा पंधरा वर्षांचा, दहावीत आहे. संध्याकाळी पेठेतल्या पोरांबरोबर फुटबॉल खेळतो. गेल्या आठवड्यात त्याची किट बॅग धुवायला काढली, तर मोज्यात गुंडाळलेली एक जांभळी, बोटाएवढी वस्तू सापडली. मला वाटलं हायलायटर. नाकाजवळ नेली तर पिकलेल्या आंब्याचा वास. रात्री विचारलं तेव्हा आधी "पेन ड्राइव्ह आहे" म्हणाला, मग रडला आणि म्हणाला, "आई, नुसती वाफ आहे गं. तंबाखू नसतोय त्यात. वर्गात सगळ्यांकडं असतंय." मित्राचा भाऊ पुण्याला शिकतो, त्यानं इन्स्टाग्रामवरून मागवली होती म्हणे.

माझे दीर म्हणतात, ही वस्तू मोठ्या माणसांची सिगारेट सुटावी म्हणून काढलेली आहे, बारक्या पोरांना कोण विकायला बसलंय, आपलंच पोरगं हाताबाहेर चाललंय, दोन ठेवून द्या. ह्यांनी काहीच म्हटलं नाही. ह्यांच्या खिशात तंबाखूची पुडी असते, त्यामुळं जीभ रेटत नसेल. ती वस्तू मी कपाटात साड्यांखाली ठेवली आहे. घरात धाकटी चार वर्षांची आहे. शाळेत सांगू का, हेही कळत नाही. पण मला आधी एवढंच सांगा, या वस्तू खरंच मुलांसाठी बनवतात का? की मी माझ्या मुलाचा दोष दुसऱ्यावर ढकलतेय?

एक आई, कोल्हापूर

ताई,

पुढचं वाचायच्या आधी उठा आणि साड्यांखालची ती वस्तू काढा. ती ई-सिगारेट आहे, पोरं तिलाच व्हेप म्हणतात. घरात चार वर्षांची मुलगी आहे आणि त्या वस्तूला आंब्याचा वास येतो. आतल्या द्रवात बहुतेक वेळा निकोटीन असतं. लहान मुलानं तो चाटला, गिळला, अगदी हातापायाला भरपूर लागला तरी विषबाधा होऊ शकते. उलट्या होतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं, जास्त गेला तर झटकेही येतात. ती वस्तू झाकणाच्या डब्यात घालून कुलपात ठेवा. उघडून बघू नका. कचऱ्याच्या गाडीत टाकू नका आणि बंबात तर मुळीच नाही. आत लिथियमची बॅटरी असते, ती पेट घेते. पुढे ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या. धाकटीनं कधी तोंडात घातलीच, तर वाट न बघता सरळ सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी रुग्णालयात, गाठा आणि वस्तू बरोबर न्या, म्हणजे पोटात काय गेलंय ते डॉक्टरांना कळेल.

आता तुमचा प्रश्न. हो, ताई. या वस्तू मुलांच्या नजरेत भरतील अशा रंगवल्या गेल्या, गोड केल्या गेल्या आणि मुलं जिथं बसतात तिथं नेऊन दाखवल्या गेल्या. प्रत्येक कंपनीनं, प्रत्येक देशात असं केलं असं मी म्हणणार नाही. पण ज्या कंपनीनं हा धंदा अमेरिकेत घराघरात नेला, तिच्याबद्दल कोर्टांत आणि चौकश्यांत जे बाहेर आलं, ते वाचल्यावर माझ्या मनात शंका उरलेली नाही.

तुमच्या दिरांचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. ते अर्धं मी झाकून ठेवणार नाही, कारण तुमचा मुलगा मोबाइलवर तेच वाचून उद्या तुमच्यापुढे ठेवेल. ई-सिगारेटचं आजचं रूप २००३ च्या सुमारास हॉन लिक नावाच्या चिनी औषधतज्ज्ञानं घडवलं. तो स्वतः सिगारेट ओढणारा होता. ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा आजही वर्षानुवर्षं सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसाला सांगते, की सिगारेट सोडायला व्हेपची मदत होऊ शकते आणि सिगारेटच्या धुराच्या मानानं ही वाफ कमी घातक आहे. तीच सेवा हेही सांगते, की ज्यानं कधी सिगारेट ओढली नाही त्यानं आणि लहान मुलांनी याला हात लावू नये. आणि त्याच ब्रिटननं १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपच्या विक्रीवर बंदी आणली. कचऱ्याचं कारण होतं, तसंच मुलांच्या हातात त्या सर्रास दिसू लागल्याचंही होतं.

दिरांना शांतपणे एकच विचारा: आपल्या पोराला कुठली सिगारेट सोडायची होती?

आता त्या कंपनीचं सांगते. २०१५ साली अमेरिकेत जूल नावाची ई-सिगारेट बाजारात आली. दिसायला हुबेहूब पेन ड्राइव्हसारखी, लॅपटॉपला लावून चार्ज होणारी. तुमच्या मुलाच्या तोंडून पहिला शब्द ‘पेन ड्राइव्ह’ हाच आला, हे तुम्ही लिहिलंत तेव्हा मी जरा थांबलेच. तिथल्या मुलांनीही आईबापांना हेच सांगितलं होतं. सुरुवातीच्या जाहिराती भडक रंगांच्या, त्यात नाचणारी, खिदळणारी तरुण पोरं. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोठे फलक लागले, इन्स्टाग्रामवर तीच चित्रं फिरली. चवी होत्या आंबा, पुदिना, फळांचं मिश्रण, गोड मलई. चार वर्षांत, म्हणजे २०१९ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय पाहणीत नववी ते बारावीची २७.५ टक्के मुलं ई-सिगारेट ओढत होती.

फेब्रुवारी २०२० मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्याच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर दावा दाखल केला. त्यात आरोप होता, की कंपनीनं सुरुवातीच्या काळात निकलोडियन आणि कार्टून नेटवर्क यांच्या संकेतस्थळांवर, किशोरवयीन मुलींच्या मासिकाच्या संकेतस्थळावर आणि गणिताचे खेळ देणाऱ्या संकेतस्थळावरसुद्धा जाहिरातींसाठी जागा विकत घेतली. गणिताचे खेळ! चाळिशीतला कुठला सिगारेट ओढणारा गृहस्थ रात्री बसून पाढ्यांचे खेळ खेळत असेल?

त्याआधी जुलै २०१९ मध्ये अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाच्या एका उपसमितीनं चौकशी केली होती. अध्यक्ष होते राजा कृष्णमूर्ती. तिथं न्यूयॉर्कच्या शाळकरी मुलानं साक्ष दिली, की व्यसनावर बोलायला म्हणून कंपनीचा माणूस आमच्या वर्गात आला आणि शिक्षक वर्गाबाहेर असताना जूल पूर्ण सुरक्षित आहे असं आम्हाला सांगून गेला. मी एकतीस वर्षं वर्गात उभी राहिले आहे. पाचदहा मिनिटांसाठी पाहुण्याच्या भरवशावर वर्ग सोडून मीही कितीदा ऑफिसात गेले असेन. ही साक्ष वाचून मला रात्री झोप लागली नव्हती.

सप्टेंबर २०२२ मध्ये कंपनीनं ३३ राज्यं आणि प्युएर्तो रिको यांच्याशी ४३ कोटी ८५ लाख डॉलरची तडजोड केली. एप्रिल २०२३ मध्ये आणखी सहा राज्यं आणि राजधानी वॉशिंग्टन यांच्याशी ४६ कोटी २० लाख डॉलरची. आपण चुकलो असं तिनं कबूल केलं नाही, मोठ्या माणसांसाठीच माल होता हेच ती म्हणत राहिली. पण तडजोडीत ज्या अटी मान्य केल्या त्यात एक अट अशी, की पस्तिशीच्या आतला माणूस जाहिरातीत दाखवायचा नाही. दुसरी, की कार्टून वापरायचं नाही.

चव गोड आहे एवढ्यावरून मी निकाल दिला नसता. मोठ्यांनाही गोड आवडतं, आमच्या पिढीतली माणसं गुलकंद घातलेलं पान खातातच की. माझ्यासाठी खरा पुरावा आकारात आहे. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं काही विक्रेत्यांना इशारापत्रं पाठवली. त्यांच्या मालात काय होतं पाहा. मनगटी घड्याळासारखी दिसणारी व्हेप, हातातल्या व्हिडिओ गेमसारखी दिसणारी व्हेप, आणि व्हेप लपवायला चोरखिसा ठेवलेली दप्तरं आणि अंगात घालायचे स्वेटशर्ट. मोठ्या माणसाला आपली सिगारेट कोणापासून लपवायची असते? पानपट्टीसमोर उभा राहून तो सरळ काडी ओढतो. शिक्षकापासून आणि आईपासून लपवायची गरज फक्त मुलाला असते. म्हणून जी वस्तू हायलायटरसारखी बनवली, ती ज्याच्या कंपासपेटीत हायलायटर असतो त्याच्यासाठीच बनवली, हे माझं ठाम मत आहे.

आणखी एक गोष्ट दिसत नाही, पण तीच सगळ्यात वाईट. पूर्वी पोरगं पहिली बिडी ओढायचं तेव्हा घसा जळायचा, ठसका लागायचा, डोळ्यांत पाणी यायचं. निम्मी पोरं तिथंच थांबायची. ठसका हा शरीराचा राखणदार होता. जूलनं आणि मग इतरांनी निकोटीनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचे क्षार वापरायला सुरुवात केली. त्यामुळं घशाला बोचत नाही आणि निकोटीन भरपूर जातं. वेष्टनावर ‘५ टक्के’ लिहिलेलं असतं, मुलांना ते थोडंसंच वाटतं. पण ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरला सुमारे ५० मिलिग्रॅम. युरोपीय संघानं मोठ्या माणसांसाठी घातलेली मर्यादाच २० मिलिग्रॅम आहे. म्हणजे राखणदाराला झोपवलं आणि दार सताड उघडलं. मेंदूची वाढ साधारण पंचविशीपर्यंत चालू असते, तोवर निकोटीनची सवय लवकर लागते आणि सुटायला जड जाते.

"तंबाखू नसतोय त्यात" असं तो म्हणाला. पानाचा चुरा नसतो हे खरं. पण त्यातलं निकोटीन बहुतेक वेळा तंबाखूच्या पानातूनच काढलेलं असतं, काही वेळा प्रयोगशाळेत बनवलेलं. आपल्याला हे कळायला लांब जायला नको. निपाणीचा तंबाखूचा बाजार इथून तासाभरावर आहे. त्या बाजारातल्या पानाला ज्या गोष्टीमुळं भाव येतो, तीच गोष्ट या जांभळ्या नळीत आंब्याचं अत्तर लावून बसली आहे. आणि निकोटीन नसलेली आहे असं वेष्टनावर छापलं असलं तरी मी त्यावर विश्वास ठेवणार नाही, कारण आपल्या देशात हा सगळा माल चोरीछुपे येतो. चोरट्या मालाची तपासणी कोण करणार?

कायद्याचं थोडक्यात सांगते. आपल्याकडे सप्टेंबर २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. ई-सिगारेट बनवणं, आणणं, विकणं, वाटणं, साठवणं, तिची जाहिरात करणं, सगळ्याला बंदी आहे. ऑनलाइन विक्रीही त्यातच आली. साठवणं सोडून बाकीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केलं तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. नुसतं ओढणाऱ्याला या कायद्यानं वेगळी शिक्षा सांगितलेली नाही, त्यामुळं तुमच्या मुलाला पोलीस धरून नेतील या भीतीनं जागू नका. पण त्याला हे नीट समजावा, की मित्रासाठी एक मागवून पैसे घेतले तर ती विक्री झाली. "मी फक्त आणून दिली" ही सबब चालत नाही.

मग बंदी असून पोरांपर्यंत जाहिरात पोचते कशी? कुणी फलक लावत नाही. धुराची वलयं काढणारी रील्स फिरतात, ती बघून हात शिवशिवतात, मग कुणीतरी नंबर देतं. आणि शेवटचा विक्रेता हा मित्राचा भाऊच असतो, त्यामुळं मुलाला आपण काही विकत घेतलं असं वाटतच नाही.

"सगळ्यांकडं असतंय" याचंही बघू. २०१९ च्या देशभरच्या पाहणीत तेरा ते पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांपैकी २.८ टक्क्यांनी कधीतरी ई-सिगारेट ओढून पाहिली होती. शंभरात तीनसुद्धा नाहीत. त्याच पाहणीत तंबाखू या ना त्या रूपात घेणारी मुलं ८.५ टक्के होती. पुढच्या वर्षांत आकडा वरखाली झाला असेल, तरी ‘सगळे’ कधीच नव्हते. मुलाला हा आकडा सांगा. आपण मागे पडू या भीतीनं निम्मी पोरं यात शिरतात. वर्गातली बहुतेक पोरं याला शिवलेलीही नाहीत हे ऐकून त्याला सुटल्यासारखं वाटेल.

आता दोषाचं. तुमच्या पत्रातली ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली, कारण तिच्यामुळं मला एक जुना मुलगा आठवला.

१९९० च्या दशकातली गोष्ट. मी तेव्हा आठवीला शिकवायची. शाळेच्या फाटकासमोर टपरी होती, तिच्यावर गुटख्याच्या पुड्यांच्या माळा लोंबायच्या. चकचकीत, लाल, हिरव्या, सोनेरी. खाली बरणीत पांढऱ्या गोड सिगारेटी, टोकाला लाल रंग लावलेल्या, त्या पहिली-दुसरीची पोरं ओठांत धरून ऐटीत वर्गात यायची. आम्ही हसायचो. आठवीतला एक मुलगा पुड्या खायचा. खिशात पुडी सापडली की वर्गाबाहेर, पुन्हा सापडली की छड्या, मग आईबापांना बोलावणं. वर्षभर हेच. नववीत गेल्यावर एकदा त्याला कविता म्हणायला उभं केलं, तर शब्द नीट येईनात. मी रागावले. तो म्हणाला, "बाई, तोंडच उघडंना." खरंच दोन बोटं आत जात नव्हती. त्या वर्षभरात आम्ही त्या पोराला काय काय केलं, पण रस्ता ओलांडून त्या टपरीवाल्याला एकानंही विचारलं नाही, की शाळेसमोर या माळा का लावतोस. मीही नाही. गुटख्यावर महाराष्ट्रात बंदी आली २०१२ मध्ये. तोवर तो मुलगा तिशीत पोचला होता.

म्हणून तुम्हाला सांगते. तुम्ही दोष ढकलत नाही आहात. ज्याचा जेवढा आहे तेवढा त्याच्या पदरात घालायचा आहे. तुमच्या मुलाचा दोष आहे, तो सोडू नका. त्यानं लपवलं, खोटं बोलला, बंदी असलेली वस्तू घेतली. एवढ्याचा जाब त्यानं द्यायला हवा. पण पंधरा वर्षांच्या पोराला भुलवण्यासाठी जी हुशारी आणि जो पैसा खर्च झाला, त्याचं माप त्याच्या पाठीवर काढू नका. मारलंत, तर तो एकच गोष्ट शिकेल: पुढच्या वेळी मोज्यात ठेवायची नाही.

बोला कुठं? घरात नको, तिथं दीर आहेत, धाकटी आहे, भिंतींना कान आहेत. सामना नसलेल्या संध्याकाळी त्याला घेऊन गंगावेशीत जा, कट्ट्यावर दूध पाजा, आणि परत चालत येताना बोला. पहिलं वाक्य प्रश्नाचं नको. "मी चिडले होते, आता चिडलेली नाही, मला कळून घ्यायचंय," एवढं म्हणा आणि गप्प राहा. तुम्हाला गप्प राहणं जड जाईल, तरी राहा.

तो बोलू लागला की दोन गोष्टी काढून घ्या. किती दिवसांपासून, आणि सकाळी उठल्यावर किती वेळात ओढावीशी वाटते. उठल्यापासून अर्ध्या तासात हात तिकडं जात असेल तर सवय लागली आहे असं समजा. महिन्यातून दोनदा मित्राच्या हातातून ओढली असेल तर तुम्ही वेळेत पोचलात.

घाबरवण्यासाठी वाढवून सांगू नका. "फुप्फुसं सडली तुझी" असं म्हणाल आणि तो दुसऱ्या दिवशी शाहू स्टेडियमवर पूर्ण वेळ पळून येईल. मग तुमचं पुढचं एकही वाक्य तो खरं मानणार नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये व्हेप ओढणाऱ्यांना फुप्फुसांचा गंभीर आजार झाला, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्ण आणि ६८ मृत्यू नोंदले गेले, हे खरं आहे. पण त्यातले बरेचसे गांजाचा अर्क असलेल्या चोरट्या नळ्यांमुळं होते, आत व्हिटॅमिन ई ॲसिटेट मिसळलेलं होतं. हे जसं आहे तसं सांगा. आणि मग म्हणा, "तुझ्या हातात आली तीही चोरटीच. आत काय आहे हे तुला माहीत नाही, तुझ्या मित्राच्या भावालाही नाही." खेळाडू पोराला हे पटतं. निकोटीननं हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढतो, हेही त्याला फुटबॉलच्या भाषेत सांगा.

सवय लागलेली असेल तर सोडल्यावर पहिल्या दिवसापासून तो चिडचिड करेल. दुसरा-तिसरा दिवस सगळ्यात वाईट. झोप येणार नाही, अभ्यासात डोकं लागणार नाही, उगाच भांडण काढेल. तीन-चार आठवड्यांत हे उतरतं. या दिवसांत ताट आपटलं तर सोडून द्या. खोटं बोलला तर मात्र सोडू नका. "बोर्ड झाल्यावर सोडतो" हा सौदा स्वीकारू नका, कारण परीक्षेच्या ताणात सवय आणखी घट्ट होते. औषधाच्या दुकानात निकोटीनचे च्युइंगम चिठ्ठीशिवाय मिळतात, ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्याला देऊ नका. तंबाखू सोडणाऱ्यांसाठी १८००-११२-३५६ हा फुकट फोन आहे, तिथं समुपदेशक बोलतात. फारच अस्वस्थ झाला तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी फोनसेवेचा १४४१६ आहे, किंवा सीपीआरला केसपेपर काढून मानसोपचार विभागात दाखवा. केसपेपर काढायला लाजू नका. ताप आला तर आपण काढतोच.

ह्यांच्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत, पण मला वाटतं तुमच्या घरातलं खरं दुखणं तिथं आहे. २०१६-१७ च्या पाहणीप्रमाणं महाराष्ट्रात जवळपास चारातला एक मोठा माणूस बिनधुराचा तंबाखू घेतो. तुमचे यजमान त्यातले एक आहेत, ते वाईट बाप आहेत असं कुणी म्हणत नाही. ते गप्प बसले, याचा अर्थ त्यांना लाज वाटली. ती लाज वाया जाऊ देऊ नका. त्यांना म्हणा, तुम्ही पोराला उपदेश करू नका, फक्त तुमची गोष्ट सांगा. पहिली चिमूट कुणी दिली, किती वर्षांचे होता, कितीदा सोडायला बघितलं आणि का जमलं नाही. हे घरात फक्त तेच सांगू शकतात. तुम्ही सांगून ते उतरणार नाही, मी सांगून तर नाहीच. आणि जमलं तर दोघांनी एकाच सोमवारी सोडावं, एकाच नंबरवर फोन करावा. बापानं पुन्हा पुडी उघडली तरी चालेल, पण ती पोरापासून लपवू नये. उघडली तर त्याच्यासमोर कबूल करावं आणि पुन्हा सोडायला बसावं.

शाळेत आत्ताच मुलाचं नाव घेऊन जाऊ नका. दहावीच्या वर्षात एकदा नाव चिकटलं की ते धुऊन निघत नाही, हे मी आतून पाहिलेलं आहे. वर्गशिक्षकांवर विश्वास असेल तर एवढंच सांगा, की या आकाराच्या वस्तू पोरांकडं येताहेत, त्या हायलायटरसारख्या दिसतात. निम्म्या शिक्षकांना ही वस्तू ओळखूच येत नाही.

राहिला तो मित्राचा भाऊ. तो वीस-एकवीसचा असेल. तो बहुधा आधी गिऱ्हाईक झाला आणि मग विकणारा. थेट पोलिसांत जाण्याआधी त्याच्या आईकडं जा, तुमच्यासारखीच तीही अंधारात असेल. रविवारी सकाळी जा, तेव्हा घरात माणसं असतात. ह्यांना बरोबर घ्या. भांडायला आलो नाही हे दारातच सांगा, कायदा काय आहे आणि एक लाखाचा दंड कशाला होतो ते तिला सांगा, आणि हे पोरगं आणखी कुणाकुणाला देतंय ते विचारा. पंधरा दिवसांत थांबलं नाही तर मग पोलीस ठाण्यात विक्रीबद्दल लेखी द्या, न डगमगता. फक्त एक करा, शनिवारी रात्रीच तुमच्या मुलाला सांगा की उद्या आम्ही तिकडं जाणार आहोत. तो चिडेल, मित्र तुटेल म्हणेल, रात्रभर बोलणार नाही. तरी त्याला आधी कळू दे, ते दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.